मदत हवी आहे: लॉन मोवर चालू होत नाही, दोरी ओढून खांदा गेला

मंडळी, गवत कापायच्या मशीनने दोन दिवस छळलंय. पेट्रोलवरचं, फोर स्ट्रोक, एक सिलिंडर. चोकचा (थंड इंजिनला हवा कमी, पेट्रोल जास्त देणारा) खटका हाताने लावायचा आणि दोरी ओढायची. पाच महिने झाकून ठेवलं होतं, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. ठेवलं तेव्हा छान चालत होतं. आता शंभरेक वेळा दोरी ओढली असेल, इंजिन नुसतं फिरतं, एकदाही फट् म्हणत नाही.

आतापर्यंतचे उद्योग: नवा स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा) टाकला, त्याच्या टोकाची फट पाऊण मिलीमीटर ठेवली. हवेचा फिल्टर स्पंजचा आहे, तो तेलाने थबथबला होता. साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून बसवला. टाकीत वरून थोडं ताजं पेट्रोल ओतलं. ऑइलची पातळी काडीवर बरोबर दिसते. इथे माझी अक्कल संपली. कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला) हात लावलेला नाही, कारण मी उघडलेल्या वस्तूंतून शेवटी एक स्क्रू उरतोच. जाणकारांनी वाट दाखवावी.

गंजका नट: हँडलवरचा दांडा दाबून धरताय ना? राग मानू नका, हा प्रश्न विचारावाच लागतो. दांडा सुटला की करंट बंद होतो, सुरक्षेसाठीच ती सोय असते. केबल ढिली पडली असेल तर दांडा दाबूनही करंट बंदच राहतो. प्लगला करंट येतोय का ते आधी बघा.

धागाकर्ता: दांडा दाबतो हो. करंटही बघितला. प्लग टोपीत खोचून त्याचे आटे इंजिनच्या धातूला टेकवले, मुलाला दोरी ओढायला लावली. निळी, कडक ठिणगी पडते.

तेलकट हात: मग आता एकच प्रश्न. दहाबारा वेळा दोरी ओढा आणि लगेच प्लग काढून बघा. टोक ओलं आहे की कोरडं? ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, किंबहुना जास्तच झालंय. तसं असेल तर चोकचा खटका मागे घ्यायचा, प्लग बाहेर ठेवून पाचसहा वेळा ओढायचं, सिलिंडर वाळला की पुन्हा प्रयत्न. कोरडं असेल तर पेट्रोल येतच नाहीये. हे बघितल्याशिवाय नवे पार्ट आणणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आणि ठिणगी बघताना प्लग भोकाजवळ धरू नका. दोरी ओढली की आतली पेट्रोलची वाफ त्याच भोकातून बाहेर फेकली जाते.

धागाकर्ता: कोरडा ठणठणीत. नुकता खोक्यातून काढल्यासारखा. (आधी भोकाजवळच धरला होता. भुवया शाबूत आहेत.)

पाना नं. दहा: पातं कधी दगडावर किंवा मुळावर आपटलं होतं का? फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) दांड्यावर पक्कं धरणारी चावी, म्हणजे छोटी पट्टी, मऊ धातूची असते. जोरात आपटलं की ती कापली जाते, फ्लायव्हील जरासं सरकतं आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. करंट दिसतो, इंजिन मात्र धरत नाही. माझे तीन रविवार यात गेले आहेत.

तेलकट हात: चावी गेली की बहुतेकदा दोरी हातातून उलटी हिसकली जाते. आणि प्लग कोरडा का, याचं उत्तर चावीत मिळत नाही. आपण आधी पेट्रोलकडे बघू.

सोपी परीक्षा सांगतो. मशीन उघड्यावर आणि इंजिन थंड हवं. प्लगच्या भोकातून अर्धा चमचा ताजं पेट्रोल आत सोडा. सांडलेलं पुसा, पेट्रोलचा डबा लांब नेऊन ठेवा, प्लग घट्ट बसवा, मगच ओढा. दोनतीन सेकंद पेटून बंद पडलं तर करंट, टायमिंग (ठिणगीची वेळ), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) सगळं ठीक आणि दोष पेट्रोलच्या वाटेत.

धागाकर्ता: पेटलं!! तीन सेकंद गरजलं आणि गप्प. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दोन दिवसांत पहिल्यांदा आवाज ऐकला.

तेलकट हात: झालं तर मग. अख्खा कार्ब्युरेटर खोलू नका. टाकी आधी पूर्ण रिकामी करा. ताजं ओतून जुनं ताजं होत नाही. पेट्रोल पडून राहिलं की त्यातला पटकन पेटणारा हलका भाग उडून जातो. महिनाभरानंतर त्याचा भरवसा धरू नये. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी पुरेसं साठलं की दोघं पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात. तळ म्हणजे नेमकी कार्ब्युरेटरखालची वाटी, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) पेट्रोल उचलतं ती.

ती वाटी सहसा एकाच बोल्टवर असते. खाली भांडं धरा आणि सोडा. बऱ्याच इंजिनांत तो बोल्टच जेट असतो: आतून पोकळ, बाजूला बारीक भोक. उजेडासमोर धरून बघा.

गंजका नट: आणि मशीन आडवं करताना फिल्टर-कार्ब्युरेटरची बाजू वर. तुमचा स्पंज तेलात भिजला होता म्हणजे मागे उलट्या कुशीवर पाडलेलं दिसतंय. दुसरं, पात्याजवळ हात नेण्याआधी प्लगची टोपी काढायची, दर वेळी. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन पेट घेऊ शकतं.

धागाकर्ता: वाटी काढली. तळाला पाण्याचे दोन मणी, वाटी हलवली की पाऱ्यासारखे पळतात. कडेने पिवळट चिकट थर, वाळलेल्या डिंकासारखा. वासही पेट्रोलचा नाही, रंगाच्या जुन्या डब्याचा. बोल्टमध्ये भोक असतं असं तुम्ही सांगितलं नसतं तर मला ते दिसलंच नसतं, इतकं बुजलंय. सध्या सुईने कोरतोय.

तेलकट हात: सुई ठेवा खाली! जेट पितळी असतं, भोक वाढलं तर पेट्रोल जास्त जाईल आणि मशीन काळा धूर ओकेल. लवचीक वायरीतली तांब्याची एक बारीक तार काढा, ती फिरवा, वरून कार्ब्युरेटर क्लीनर मारा. डोळ्यांवर चष्मा हवा, तो फवारा उलटा येतो. वाटीची रबरी रिंग बाजूला ठेवा, क्लीनर लागला की फुगते आणि मग जागेवर बसत नाही.

धागाकर्ता: चालू झालं! चौथ्या ओढीला! पण आनंद आठ मिनिटांचा. आचके देत बंद पडलं. थोडं थांबलं की चालू होतं, पुन्हा तसंच बंद. आता काय?

पाना नं. दहा: बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा आणि कान द्या. झाकणाला हवा आत यायला बारीक वाट असते. ती बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही.

धागाकर्ता: सुस्स! झाकणाच्या आत वाळलेल्या गवताचा भुगा होता, माझ्याच कापलेल्या. धुतलं, फुंकलं, बसवलं. अर्धा तास सलग चाललं, गवत कापून झालं. जुना प्लग बहुतेक चांगलाच होता, पुसून ठेवलाय. पुढच्या वेळी ठेवण्याआधी काय करू?

तेलकट हात: टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटीतलंही संपतं.

धागाकर्ता: करतो. सर्वांचे आभार. पाना नं. दहा, तुमचा चावीचा अंदाज चुकला पण झाकणाने वाचवलंत. सुई गुपचूप शिवणाच्या डब्यात परत ठेवली आहे, तिला पेट्रोलचा वास येतोय.