अनुभव धागा: मागे ओझं असताना तुमच्या पिकअपने किती अ‍ॅव्हरेज दिलं?

तिठ्यावरची
काल संध्याकाळी भोस्ते घाटात एका पिकअपमागे अडकले. पिकअपला मागे स्लॅबचा मिक्सर बांधलेला, हौद्यात वीसेक कामगार, घमेली, फावडी, आणि एका बाईच्या मांडीवर टोपलीत जिवंत कोंबडी. गाडी पहिल्या गियरमध्ये रडत होती. क्लच प्लेटचा तो वास नाकात गेला आणि मला सरळ २०१३ साल आठवलं.

दादाने तेव्हा जुनी पिकअप घेतली होती. मे संपत आलेला, मिरकरवाड्याहून फायबरची होडी जयगडला दुरुस्तीला न्यायची होती. इंजिन उतरवलेलं, तळाला भेग, म्हणजे पाण्यातून नेणं बाद. कोणाची तरी ट्रॉली मागून आणली, होडी चढवली, काथ्याने आवळली. मी म्हटलं, डिझेल भरून घे. दादा म्हणाला, "पंधरा देते गाडी. पंचेचाळीस किलोमीटरला तीन लिटर, टाकीत पाच आहे." ते पंधरा त्याला गाडी विकणाऱ्याने सांगितलेलं, तेही खाली गाडीचं.

आरे-वारेच्या चढावर अर्ध्यात गाडी बंद. खालून समुद्र मस्त दिसतोय, पर्यटक फोटो काढतायत, आणि आमची ट्रॉली गाडीला मागे ओढतेय. मला गाडी येत नव्हती. दादा ओरडला, "ब्रेकवर पाय दे आणि हलू नको!" मी दोन्ही पाय दिले. त्याने चाकांमागे जांभ्याचे दगड लावले आणि एकाच्या स्कूटरवर मागे बसून रॉकेलचा कॅन घेऊन डिझेल आणायला गेला. परत आल्यावर डिझेल ओतलं तरी गाडी चालू होईना, लाईनमध्ये हवा धरलेली. मग बॉनेट उघडून तो काळा हँडपंप अंगठ्याने दाबत बसला, दाबतोय, दाबतोय, नट ढिला करून बुडबुडे काढतोय. मी तासभर ब्रेकवर. उतरले तेव्हा गुडघे माझे नव्हते.

नंतर हिशोब केला तर सहासुद्धा पडलं नव्हतं. तुमच्याकडे भरल्या गाडीचं, ओढत नेलेल्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज काय आहे? आणि फजिती असेल तर ती आधी लिहा.

हापूसपेटी
देवगड ते वाशी मार्केट. सीझनला दिवसाआड. सत्तर-ऐंशी पेट्या, संध्याकाळी निघायचं, पहाटेच्या आत धक्क्याला लागायचं. जाताना दहा देते, कधी साडेनऊ. खरी गंमत येताना. येताना रिकामे क्रेट असतात, वजन काहीच नाही, वाटतं चौदा देईल. पण क्रेट केबिनच्या वर दोन हात रचलेले, ताडपत्री सैल, गाडी ऐंशीने सोडलेली. अकरा. फक्त अकरा! वारा खातो डिझेल. मागच्या वर्षी ताडपत्रीला चारही बाजूंनी दोरी मारली, स्पीड साठवर धरला, तर त्याच क्रेटला तेरा मिळालं. घरी तासभर उशिरा पोचलो म्हणून बायकोने विचारलं कुठे थांबला होतास, ते वेगळं.

आजीची पेज
ब्रेकवर दोन्ही पाय 😂😂 ताई, आणि क्लचवर कोण होतं?

तिठ्यावरची
@आजीची पेज देव.

धामापूरचो
माका एकच सांगाचा आसा. उताराक गाडी न्युट्रलात घालून डिझेल वाचवतत ते शाणे खयचे? आमचो एक शेजारी फोंडा घाटात तसाच उतरत होतो, मागे चिरे भरलेले. खाली येयपर्यंत ब्रेक तापान लाल, पेडल दाबला तर भुसभुशीत. नशीब म्हणान डोंगराच्या बाजूक घातल्यान गाडी. आणि आताच्या गाडयेक त्याचो फायदो पण नाय. गियरात ठेवून अ‍ॅक्सिलेटर सोडलो की नोझल डिझेल मारूचाच बंद करता. न्युट्रलात इंजिन चालू ठेवूक उलट डिझेल लागता. ज्या गियरात चढलास, त्याच गियरात उतर. आमचो बापूस ह्या सांगून सांगून मेलो.

हापूसपेटी
@धामापूरचो शंभर टक्के. २०२४ ला करूळ घाट काँक्रीटसाठी बंद होता तेव्हा फोंड्यात असे किती जण बाजूला लागलेले बघितले.

चिरेखाण
आमचं सगळंच ओझ्याचं. एक चिरा तीस किलोच्या आसपास धरा. आता हिशोब करा, दीड टनाच्या गाडीत पन्नास चिरे बसले की कागदावरचं वजन संपलं. आणि लोक भरतात शंभर. मी पण भरलेत, खोटं का बोलू. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, सरळ होतात, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग हातात लोण्यासारखं फिरतं. ते हलकं लागलं ना की समजायचं, मरायला निघालोय.
अजून एक, जांभा पाणी पितो. पावसात भिजलेला चिरा उचलून बघा, हमाल शिव्या देतो. तेवढेच चिरे, तीच गाडी, तोच रस्ता, एप्रिलला नऊ आणि जुलैला साडेसात. माझ्याकडे वही आहे.

निवृत्त गुरुजी
चर्चा वाचून राहवलं नाही. साखरप्याहून आंबा घाट चढताना साधारण पाचशे मीटर उंची मिळवावी लागते. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा. एवढं वजन तेवढं वर उचलायला जवळपास दीड कोटी ज्यूल लागतात. लिटरभर डिझेलमध्ये साडेतीन कोटींच्या वर असतात, पण चाकापर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा पोचतो, बाकी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जातं. म्हणजे रस्ता, वारा, टायर सगळं सोडा, नुसतं उचलण्याचं सव्वा लिटर. रिकामी गाडी निम्म्या वजनाची असेल तर निम्मं. तेव्हा घाटात अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून मेकॅनिकला दोष देऊ नका. आणि उतरताना ते परत मिळत नाही, ब्रेक तापवण्यात जातं. धामापूरकर म्हणतात ते शास्त्राला धरून आहे.

आजीची पेज
सर दहावीला तुम्ही असता तर मी आज इंजिनियर असते.

चिरेखाण
गुरुजी मग वाऱ्याचं पण सांगा, हापूसवाल्याचे क्रेट

निवृत्त गुरुजी
वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट. चाळीसला जो हात पाठीवर आहे तो ऐंशीला चार हात होतो. वजनाला चढ नडतो, आकाराला वेग नडतो. नातवाला शाळेतून आणायचं आहे, बाकी संध्याकाळी.

मंडपवाली
मी आणि मिस्टर मंडप-डेकोरेशनचं करतो, गुहागर साईडला. जनरेटर ट्रॉलीवर, पिकअपमागे. लग्नाच्या सीझनला पार्टी म्हणते, "वहिनी, अंतर तेवढंच, मग भाडं जास्त का?" त्यांना कसं सांगू, हौद्यात ठेवलेलं वजन आणि मागे ओढलेलं वजन सारखं नसतं. ट्रॉलीची चार चाकं वेगळी घासतात, तिची हवा कोणी बघत नाही. आमच्या ट्रॉलीचं एक चाक जाम होतं, बेअरिंग गेलेलं, आम्हाला पत्ताच नाही. महिनाभर सात देत होती. मिस्टर डिझेल पंपवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते. एके दिवशी मी चाकाला हात लावला आणि बोट भाजलं. बाकी तीन गार. बेअरिंग बदललं, साडेनऊ.
जयगडला काम असेल तर तवसाळच्या फेरीबोटीने जातो. भातगाव पुलावरून वळसा घालण्यापेक्षा तिकीट परवडतं. फक्त ओहोटीला ट्रॉली घेऊन जाऊ नका. रॅम्प उघडा पडतो, शेवाळ असतं, चाक जागच्या जागी फिरतं. एकदा अख्ख्या बोटीने उतरून आमची गाडी ढकलली आहे, त्यात एक नवरदेव पण होता.

तिठ्यावरची
@मंडपवाली नवरदेव!! पूर्ण लिहा ना तो किस्सा.

मंडपवाली
आमच्याच मंडपात लग्न होतं हो त्याचं. न ढकलून सांगतो कोणाला.

मुंबईचा चाकरमानी
माझ्याकडे पिकअप नाही पण विचारतो. गणपतीला कारच्या टपावर सामान, आत पाच माणसं, एसी फुल. वीस देणारी गाडी चौदावर येते. टपावरचं सामान काढलं तर फरक पडेल का? की आत कोंबू?

हापूसपेटी
आत कोंबा. टपावर गादी बांधलीत तर माझ्या क्रेटसारखं होईल. आणि निघायच्या आधी हवा, दाराजवळ स्टिकर असतो त्यावर भरल्या गाडीची वेगळी लिहिलेली असते. तेवढी भरा.

खाडीकाठ
ट्रकवाले बरे, ते रेल्वेवर चढतात. कोकण रेल्वेची रो-रो १९९९ पासून आहे, कोलाडला ट्रक वॅगनवर घालायचा, वेर्ण्याला उतरवायचा. आमचे काका ड्रायव्हर होते, म्हणायचे, रस्त्याने गेलो की डिझेल जळतं, रेल्वेने गेलो की विड्या. २०२५ च्या गणपतीत चाकरमान्यांच्या कारसाठी पण केली होती.
आणि कशेडीचा बोगदा झाल्यापासून भरल्या गाडीला तिथला चढ लागत नाही. माझं खेड-महाड एका फेरीला पाऊण लिटर तरी वाचतं.

धामापूरचो
सगळा बरा, पण पंधरा, दहा, साडेनऊ ह्या मोजतास कसा? काटो बघून?

मंडपवाली
काटा बघून कधीच नाही. चढाला खाली, उताराला वर, काटा खोटारडा. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, चालवायची, परत त्याच पंपावर फुल. जितके लिटर बसले त्याने भागायचं. नोझल कट झाल्यावर वर ठिबकवत बसू नका, नाहीतर दरवेळी वेगळं येतं. एकाच फेरीवर विश्वास ठेवू नका, चार-पाच फेऱ्या धरा.

तिठ्यावरची
दादाला धागा वाचून दाखवला. म्हणतो, "त्या दिवशी ट्रॉलीच्या टायरमध्ये हवाच नव्हती, मला तेव्हाच माहीत होतं." तेरा वर्षांनी सांगतोय! आणि हँडब्रेक चालत होता म्हणे. मग मी तासभर तिथे काय करत होते?

आजीची पेज
😂😂😂
पण मला एक कळू दे. मिक्सरच्या गाडीत ती कोंबडी कुठे चालली होती?

चिरेखाण
स्लॅबला. स्लॅब पडला की संध्याकाळी कामगारांना कोंबडी-वडे. नाहीतर पुढच्या घराला कोणी येत नाही.

आजीची पेज
वड्याच्या पिठात मेथी किती घालता तुमच्याकडे? माझे फुगत नाहीत.

मंडपवाली
किलोला चमचाभर, धणे पण घाल. आणि पीठ गरम पाण्यात भिजव, रात्रभर ठेव. मेसेज करते.

चिरेखाण
विषय निघालाच आहे तर. शनिवारी सकाळी सातला लांज्याजवळ आमचा स्लॅब आहे. मिक्सर ठरलाय, ओढून आणायला पिकअप हवी. गावाकडे शेवटचा एक किलोमीटर खडा चढ. डिझेल माझं, टाकी फुल करून देतो. कोंबडीसकट.