लो रेंजमध्ये लांब चढावर इंजिन तापतंय, सपाटीवर मात्र काही नाही

चढउतार:
गाडी १९९० च्या दशकातली आहे. २.८ लिटर टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअर, एसी. रेडिएटर तांबे-पितळेचा, फॅन इंजिनवरच बसलेला, व्हिस्कस क्लचचा (गरम झाल्यावरच घट्ट तेलाने फॅनला धरणारा). सपाट रस्त्यावर ८०-९० च्या वेगाने कितीही चालवली तरी काटा मध्याच्या जरा खालीच असतो. लो रेंज (फोर-व्हील ड्राइव्हमधले जास्त जोराचे, कमी वेगाचे गिअर) टाकून दुसऱ्या गिअरमध्ये लांब चढ लागला की दहा-बारा मिनिटांत काटा पाऊण भागाच्या वर जातो. एसी चालू असेल तर त्याच्याही आधी. उतार लागला की खाली येतो.

गळती कुठे दिसत नाही, बाटलीतली पातळी कमी होत नाही. कूलंट, वरचा-खालचा होज आणि ०.९ बारची कॅप नवीन आहे. गॅरेजमधून दोन सल्ले मिळालेत: थर्मोस्टॅट (कूलंट गरम झाल्यावर रेडिएटरचा रस्ता उघडणारी झडप) काढून टाका, आणि व्हिस्कस फॅन काढून दोन इलेक्ट्रिक फॅन बसवा. यातलं काही करण्याआधी तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

पाना_बारा:
दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा. गाडी कधी तापते, यातच निम्मं उत्तर आहे.

८० च्या वेगाला रेडिएटरमधून जाणारा वारा गाडीच्या वेगामुळे मिळतो. तेव्हा फॅन जवळपास बिनकामाचा असतो, नसला तरी चालेल. लो रेंजमध्ये चढताना वेग दहा-पंधरा, इंजिनवर ओझं भरपूर, आणि समोरून येणारा वारा शून्य. जो काही वारा आहे तो फक्त फॅन ओढतो तेवढाच. म्हणून सपाटीला ठीक आणि संथ चढाला गरम म्हटलं की संशय आधी वाऱ्याच्या वाटेवर: फॅन क्लच, श्राउड (फॅनभोवतीचं कडं), रेडिएटर आणि त्याच्या पुढची एसीची जाळी म्हणजे कंडेन्सर यांत अडकलेला चिखल. याउलट सपाटीला वेग वाढवला की तापत असेल तर संशय पाण्याच्या, म्हणजे कूलंटच्या, वाटेवर जातो: आतून गाळाने भरलेल्या नळ्या, झिजलेला वॉटर पंप, घसरणारा पट्टा, किंवा इंजिनच्या जास्त आरपीएमला आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होज. त्या होजमध्ये स्प्रिंग असते ती यासाठीच. तुम्ही होज बदललाय, तर नव्यात स्प्रिंग आहे का ते दाबून बघा.

आता अंदाज सोडून मोजमाप. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर आणि रेडिएटरच्या खालच्या तोंडाजवळ काळ्या मॅट टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावरच मोजा. रबरी होजवर मोजू नका, आतल्या पाण्यापेक्षा बाहेरचं रबर बरंच थंड असतं. चढ चढून काटा वर गेला की सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद न करता हजार-दीड हजार आरपीएमवर ठेवा आणि पहिल्या मिनिटाभरात दोन्ही आकडे घ्या. बाही आणि हात फॅनपासून लांब.

वर १०० च्या पुढे आणि खालीही जवळपास तेवढंच, म्हणजे फरक पाच-आठ अंशांचा, असं दिसलं तर पाणी नीट फिरतंय पण त्यातली उष्णता बाहेर पडत नाहीये. दोष वाऱ्यात, किंवा फिन्स (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) नळ्यांपासून सुटल्यात. वर १०० आणि खाली ७० असेल तर पाणी रेडिएटरमधून फार हळू जातंय. मग रेडिएटरच्या जाळीवर (नळ्या आणि फिन्सच्या गाभ्यावर) आडवं-उभं मोजत जा. एखादा पट्टा बाकीपेक्षा १५-२० अंशांनी थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात.

तोपर्यंत मोफतची कामं करून घ्या. ग्रिल काढून पाठीमागून बॅटरीचा उजेड पाडा. रेडिएटरच्या आरपार उजेड दिसतो, पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीतच गवताचं बी, किडे आणि वाळलेला चिखल यांचा थर असतो आणि तो समोरून दिसत नाही. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे सोडायचं, साध्या नळीने. आधी भिजत ठेवा. प्रेशर वॉशर तिरका धरलात तर फिन्स आडव्या पडतील आणि मग रेडिएटरच बदलावा लागेल. फिन्स बोटाने हलक्या घासून बघा. पिठासारख्या सुटत असतील तर धुण्यात अर्थ नाही, नवी जाळी टाकून घ्या.

फॅनचं पातं निम्म्याहून जरा जास्त श्राउडच्या आत असावं. इंजिनचे माउंट खचले की फॅन खाली येतो. श्राउडचा तुकडा तुटलेला, किंवा रेडिएटरच्या कडेच्या रबरी पट्ट्या गायब असतील तर फॅन समोरची थंड हवा ओढायच्या ऐवजी इंजिनची गरम हवाच पुन्हा पुन्हा फिरवतो. या पट्ट्यांकडे कुणीच लक्ष देत नाही. समोर बुलबारवर मोठे दिवे किंवा विंच असेल तर तेही सांगा.

गाळणी:
थर्मोस्टॅटबद्दल एवढंच: काढू नका. बऱ्याच इंजिनांत तो फक्त रेडिएटरचा रस्ता उघडत नाही, उघडताना बायपासचा (रेडिएटर टाळून थेट इंजिनात परतणारा) रस्ता खालच्या चकतीने बंदही करतो. काढून टाकला की बायपास कायम उघडा, आणि पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. म्हणजे चढावर आणखी तापेल, आणि सपाटीला गार राहून डिझेल जास्त खाईल.

शंका असेल तर काढून तपासा. भांड्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगून तळाला न टेकता बुडवलेला, बाजूला थर्मामीटर. त्यावर ८२ कोरलं असेल तर साधारण ८२ ला हलायला लागतो आणि आणखी १०-१२ अंशांत पूर्ण उघडतो. पूर्ण उघडल्यावर झडप आठ मिलिमीटरच्या आसपास उचललेली हवी. बसवताना छोटी हलणारी पिन वर ठेवा. अडकलेली हवा तिथूनच सुटते.

जुनंडिझेल:
वारा-पाणी याआधी एक गोष्ट नक्की करा: गाडी खरंच तापतेय का? जुन्या डॅशबोर्डांत तापमान आणि डिझेल, दोन्ही काट्यांना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरकडून वीज मिळते. तो बिघडला किंवा त्याची अर्थिंगची तार सुटली तर दोन्ही काटे वर जातात. दिवे आणि ब्लोअर लावल्यावर डिझेलचा काटाही सरकत असेल तर आधी वायरिंग. तुमचा काटा मात्र चढ-उताराबरोबर हलतोय, त्यामुळे खरं तापमानच असावं. पाना_बारा यांच्या मोजमापात ते कळेलच.

आता हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधला सील. तुमची लक्षणं तिकडे झुकत नाहीत, कारण पातळी स्थिर आहे आणि उताराला काटा खाली येतो. पण एवढं तापवल्यावर ती वगळलेली बरी. पूर्ण थंड इंजिनवर कॅप काढा, रेडिएटर तोंडापर्यंत भरा, सुरू करून आयडलवर ठेवा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे निघतात, ते अडकलेल्या हवेचे. थर्मोस्टॅट उघडायच्या आत सलग, एकसारखे बुडबुडे येत राहिले तर तो जळालेला वायू. दुसरी खूण: कॅप लावून थंड सुरू केली आणि एक-दोन मिनिटांत, पाणी कोमट होण्याआधीच, वरचा होज दगडासारखा कडक झाला. कूलंटवरच्या हवेतला जळालेला वायू ओळखणाऱ्या निळ्या द्रावणाची चाचणी करून घ्या, वायू पेट्रोल इंजिनचा असेल तर ते पिवळं पडतं आणि डिझेलचा असेल तर हिरवट. ओझ्याखालीच फुटणारी गॅस्केट आयडलवर सापडत नाही, म्हणून ही चाचणी चढून आल्याबरोबर केलेली चांगली. त्या वेळी कॅप हात लावण्यासारखी नसते, तेव्हा नमुना ओव्हरफ्लो बाटलीच्या तोंडाशी घ्यायचा.

चढताना मागे काळा धूर किती आहे, तेही बघा. एअर फिल्टर तुंबलाय, टर्बोचा पाइप फाटलाय किंवा इंजेक्शन पंपातून डिझेल जास्त सोडलंय, तर उष्णताच जास्त तयार होते आणि धडधाकट रेडिएटरही तिथे कमी पडतो. चढ संपल्यावर चारही हबजवळ हात नेऊन बघा. एखादा ब्रेक धरून राहिला असेल तर त्याचंही ओझं इंजिनच ओढतंय.

चढउतार:
सगळ्यांचे आभार. मोजलं. चढ संपताच हाउसिंगवर १०६, खालच्या तोंडाशी ९९. जाळीवर थंड पट्टा कुठेच नाही. डिझेलचा काटा हलत नाही, काळा धूर नाही, हब सारखेच कोमट. बुडबुडे नाहीत, द्रावण निळंच राहिलं. कंडेन्सरच्या मागे खालच्या बाजूला चिखलाचा थर होता, तो धुतला. त्यानंतर त्याच चढावर १०३ आणि ९५. श्राउड आणि रबरी पट्ट्या जागेवर आहेत, दिवे-विंच नाही. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे. फॅन क्लच कसा तपासायचा?

पाना_बारा:
फरक सात-आठ अंशांचाच, म्हणजे पाणी फिरतंय, वारा कमी पडतोय. चिखल काढून तीन अंश मिळाले, उरलेलं बहुतेक क्लचमध्ये आहे.

चढून आल्यावर, काटा वर असतानाच, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला, फॅन पूर्ण थांबू द्या आणि मग पातं हाताने जोरात ढकला. गरम क्लचला जड लागायला हवं, एक फेराही पूर्ण होऊ नये. दोन-तीन फेरे सहज फिरत राहिला तर क्लच गेला. पातं पुढे-मागे हलवून बेअरिंगचा खुळखुळाट बघा. क्लचच्या अंगावर मध्यापासून बाहेर पसरलेल्या तेलकट, धूळ चिकटलेल्या रेषा दिसल्या तर आतलं सिलिकॉन तेल गळून गेलंय. कानानेही कळतं: चढावर काटा वर सरकायला लागला की २५०० आरपीएमला फॅनची घरघर स्पष्ट वाढली पाहिजे. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना मिनिटभर येणारा आवाज यात धरू नका. रात्रभर तेल खाली बसलेलं असतं म्हणून तो येतो.

क्लचच्या पुढच्या तोंडावर द्विधातूची गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती वळते, आतली झडप उघडते आणि तेल कामाच्या जागी येऊन क्लच धरतो. त्या गुंडाळीवर चिखल सुकला असेल तर तिला उष्णता उशिरा कळते. आधी मऊ ब्रशने ती साफ करा.

काही क्लच स्क्रू काढून उघडता येतात आणि नवं सिलिकॉन तेल भरता येतं. त्याचा दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट आणि आवाज जास्त. तुमच्या क्लचला कोणता आकडा ते मॅन्युअलप्रमाणेच ठरवा. बेअरिंग खुळखुळत असेल तर तेल भरू नका, नवा क्लच घ्या. तो उभा ठेवायचा, आडवा ठेवला तर तेल बेअरिंगकडे झिरपतं. पंपाच्या दांड्यावर थेट आटे असलेल्या काही क्लचचा आटा उलटा असतो, पान्याला जोर लावायच्या आधी ते बघून घ्या. पट्टा निघालाच आहे तर वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून कूलंटचे डाग आहेत का, तेही बघा.

इलेक्ट्रिक फॅनचं म्हणाल तर दोन मोठे मिळून ३०-४० अँपिअर खातात, जुन्या अल्टरनेटरला ते झेपेलच असं नाही. आणि धडधाकट व्हिस्कस फॅन लांब चढावर जेवढी हवा ओढतो तेवढी त्या जागेत बसणारे फॅन सहसा ओढत नाहीत. पाण्यातून जाताना ते बंद करता येतात, हा एक फायदा आहे. व्हिस्कस असताना खोल पाण्यात शिरायचं तर समोर ताडपत्री बांधा, नाहीतर पाती वाकून रेडिएटर फाडतात.

चढउतार:
बंद करून ढकलला तर चार फेरे फिरला, क्लचवर तेलाच्या रेषाही आहेत. नवा मागवतोय. तो येईपर्यंत गाडी चालवायची तर?

गाळणी:
चालवा, पण गिअर एक खाली ठेवून. लो रेंजचा दुसरा लावून १५०० आरपीएमला पाय दाबून चढण्यापेक्षा पहिल्यात २२००-२५०० ला चढा. फॅन आणि पंप दोन्ही क्रँकवर चालतात, कमी आरपीएम आणि जड पाय हा सगळ्यात वाईट जोड आहे. एसी बंद. काटा पाऊण भागाला पोचला की हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात. तोही एक छोटा रेडिएटरच आहे.

तरीही वर गेला तर वाऱ्याकडे तोंड करून थांबा आणि इंजिन १२००-१५०० वर चालू ठेवा. वाफ येत असेल किंवा पाणी बाहेर पडलं असेल तरच लगेच बंद करा, पाणी नसताना चालू ठेवून हेड वाकेल. ०.९ बारच्या दाबाखाली कूलंट १२५ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. कॅप उघडली की तो दाब जातो आणि सगळं एकदम तोंडावर येतं. वरचा होज दाबून मऊ लागल्याशिवाय कॅपला हात नाही. तापलेल्या इंजिनवर बाहेरून किंवा आत थंड पाणी ओतू नका.

नवा क्लच बसल्यावर त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, त्याच दोन टेपांवर पुन्हा मोजा. वरचा आकडा ९५ च्या आत आला तर झालं. नाही आला तर फिन्स नळ्यांपासून सुटल्यात, आणि मग जाळी बदलायचीच.