मदत हवी आहे: आंब्याच्या पट्टीसाठी व्हीबीए की पायथन?

देवगडच्या बागायतदारांच्या गटासाठी एक्सेलमध्ये हिशेब बसवायचाय: पेटी, डझन, प्रत, वाशी बाजाराचा दर, दलाली, हमाली, आणि शेवटी प्रत्येकाची छापील पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती). संगणक पाच. तिघांवर एक्सेल २०१६ (दोन ३२-बिट, एक ६४-बिट), दोघांवर लिबरऑफिस (एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर). ऐन हंगामात नेटचा भरवसा नाही, म्हणून गूगल शीट्स बाद.

व्हीबीए म्हणजे एक्सेलमध्येच असलेली प्रोग्रॅमिंगची भाषा, तिला वेगळं काही बसवावं लागत नाही. ऑल्ट+एफ११ दाबलं की एडिटर हजर. पण ईमेलने आलेल्या फाइलवर विंडोज इंटरनेटचा शिक्का मारतं आणि मॅक्रो (व्हीबीएत लिहिलेले प्रोग्रॅम) अडतात. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करायचं कोणी लक्षात ठेवत नाही. विंडोज एपीआयच्या (विंडोजची स्वतःची फंक्शन्स वापरणाऱ्या) डिक्लेअर ओळींत पीटीआर-सेफ हा शब्द नसेल तर ६४-बिटवर कंपाइलच होत नाही. लिबरऑफिसमध्ये व्हीबीए अर्धंमुर्धंच चालतं, खरी अडचण तीच.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ओपनपायएक्सएल लायब्ररी एक्सेल नसतानाही फाइल लिहिते, पण सूत्रं स्वतः मोजत नाही. लिहिलेली फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह न करता डेटा-ओन्लीने (सूत्राऐवजी साठवलेलं उत्तर वाचायचा पर्याय) वाचली, तर बेरजेच्या जागी नन (None, म्हणजे रिकामं मूल्य) मिळतं. कीप-व्हीबीए हा पर्याय न देता मॅक्रोची फाइल सेव्ह केली तर मॅक्रो गायब! व्हीएसटीओ (एक्सेलची अ‍ॅड-इन बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) फक्त विंडोजवर चालतं, शिवाय प्रत्येक यंत्रावर बसवत फिरा.

सध्या कल असा: आकडेमोड पायथनमध्ये, एक्सेल फक्त नोंदीला आणि छपाईला. मिश्र संगणकांवर असं कोणी चालवलंय का? पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रॅम थेट चालणाऱ्या फाइलमध्ये बांधणारं साधन) केलेली एक्सई अँटिव्हायरस अडवतो, त्यावर काय करता? आणि दोघांनी एकाच वेळी नोंद केली तर एसक्यूलाइट (एकाच फाइलमधला डेटाबेस) पुरेल का, फाइल नेटवर्क फोल्डरवर असताना?