अनुभव धागा: कपाटाची किल्ली कोणाकडे?

पुतणी पहिल्या नोकरीवर रुजू झाली. तिथे सांगितलं, 'मूळ प्रमाणपत्रं जमा करा, दोन वर्षांनी परत मिळतील.' तिने दिली. 'सगळेच देतात, काका,' म्हणाली. मी गप्प बसलो, कारण तिच्या वयात मीही पासपोर्ट असाच देऊन टाकला होता. मूळ कागद तपासणं, झेरॉक्स काढणं, व्हिसासाठी चार दिवस नेणं हे समजू शकतं. ठेवूनच घेणं वेगळं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तमजुरीची 11 लक्षणं सांगितली आहेत, त्यात ओळखपत्रं अडकवणं येतं. तुमचे कागद कोणी ठेवून घेतले होते का? कसे सोडवलेत? कंपनीचं नाव नको, बाकी सगळं लिहा.

*

डेकवाला: जहाजावर चढलं की कागद कॅप्टनकडे जातात. बंदरात इमिग्रेशनला तोच दाखवतो, त्यामुळे त्यात काही वाटत नाही. पगार थकला आणि मी उतरायचं म्हटलं, तेव्हा वाटलं. तीनदा मागितले, तीनदा 'बघू'. मग एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की खलाशांच्या ओळखपत्राबद्दल 2003 चा आंतरराष्ट्रीय करार आहे: ते कायम खलाशाकडेच राहील, कॅप्टनने सांभाळायचं तर खलाशाची लेखी संमती हवी. करार ओळखपत्रापुरता आहे, तरी मी सगळ्याच कागदांसाठी 'माझी संमती नाही' असं लिहून दोन प्रती दिल्या, एकीवर पोच घेतली. संध्याकाळी कागद हातात. पगाराला मात्र चार महिने लागले.

*

पूर्वीचा एचआर: मी किल्लीवाल्या बाजूचा, त्यामुळे लिहू की नको असं झालं होतं. कतारमध्ये होतो. तिजोरीत दीडशेच्या आसपास पासपोर्ट, रबर लावून गठ्ठे केलेले. रुजू होताना सह्या घ्यायच्या कागदांत एक संमतिपत्रही असायचं. इंग्रजीत. कोणी वाचलेलं मला आठवत नाही, आणि मीही कोणाला वाचून दाखवलं नाही.

एक सुतार पासपोर्ट मागायला आला, नूतनीकरण करायचं होतं. काढून पाहिला तर मुदत संपून सहा महिने झालेले. सुरक्षित होता हो, कोणी चोरला नव्हता! त्याच्यामुळे निवास परवाना अडकला, आणि साहेबांनी विचारलं, 'त्याने लक्ष ठेवायला नको?' कशावर ठेवणार, तिजोरीच्या दारावर?

तिथला 2015 चा 21 क्रमांकाचा कायदा डिसेंबर 2016 मध्ये लागू झाला. परवान्याचं काम झालं की पासपोर्ट परत द्यायचा. कामगाराने स्वतः लेखी मागणी केली तरच ठेवायचा, आणि मागेल तेव्हा द्यायचा. नाहीतर 25,000 रियालपर्यंत दंड. आम्ही वाटायला बसलो तर काहीजण म्हणाले, 'राहू दे तुमच्याकडेच, खोलीत आठजण, कुठे ठेवू?' तेव्हा कळलं की प्रत्येकाला कुलूपाचा छोटा लॉकर आधीच द्यायला हवा होता. तो नंतर दिला. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यातही मालकाने कामगाराची अधिकृत कागदपत्रं ठेवून घ्यायला मनाई आहे.

*

रात्रपाळी: मी नर्स. राजीनामा दिल्यावर रुग्णालय म्हणालं, बॉन्डचे पैसे भरा, मग मूळ प्रमाणपत्रं. वकीलबाईंनी नोटिशीत सर्वोच्च न्यायालयाच्या 2000 च्या एका निकालाचा आधार घेतला. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची फाइल अडवता येत नाही, कारण फाइल म्हणजे विकून वसूल करता येईल असा माल नव्हे. 'मग पदवी कुठे विकणार आहेत?' असं बाई म्हणाल्या. नोटिशीनंतर प्रमाणपत्रं आली. बॉन्डचा वाद अजून चालू आहे, तो वेगळा चालू दे.

*

आक्काची लेक: आई परदेशात घरकामाला होती. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. तो मागायचा असतो हेच तिला माहीत नव्हतं. घरकामगारांसाठीच्या 2011 च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम 9 मध्ये लिहिलंय की प्रवासाचे आणि ओळखीचे कागद स्वतःकडे ठेवण्याचा त्यांना हक्क आहे. देशाने करार मान्य केलेला हवा, हे खरं. आईने शेवटी दूतावास गाठला.

*

शिक्का: एक सावधगिरी. कंपनी देत नाही म्हणून 'हरवला' अशी तक्रार देऊन नवा पासपोर्ट काढू नका. मला एजंटने तेच सुचवलं होतं. खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणं हा 1967 च्या पासपोर्ट कायद्याने गुन्हा आहे. 'अमक्याकडे आहे, मागूनही देत नाही' असंच लिहा. त्याच कायद्याप्रमाणे भारतीय पासपोर्ट कायम केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की तो अडकवून ठेवण्याचा अधिकार फक्त पासपोर्ट अधिकाऱ्याला आहे, पोलिसांनाही नाही. मी हे मॅनेजरला ईमेलमध्ये लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, पासपोर्ट आला.

*

धागाकर्ता: शिक्का, तुमचा ईमेलचा मार्ग पुतणीला सांगितला. काल रात्री दोघांनी बसून चार ओळी लिहिल्या. 'कृपया' तिने तीनदा घातलं होतं, मी दोन काढले.