स्लीव्ह सर्जरीनंतर चिकन कसं सुरू करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या आईची वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह सर्जरी (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची शस्त्रक्रिया) झाली आहे. पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, हे टप्पे नीट पार पडले. अंडं, पनीर, मुगाचं धिरडं पचतंय. उकडलेलं पापलेटही काटे काढून, कुस्करून दिलं तर व्यवस्थित जातं. डॉक्टरांनी आता चिकन सुरू करायला सांगितलंय आणि तिथेच गाडी अडलीय. सुक्या चिकनचा नखाएवढा घास, अगदी बारीक चावून खाल्ला तरी छातीत दाटतं, तोंडाला पाणी सुटतं आणि उलटून पडतो. बिचारी आता चिकनचं नाव काढलं तरी घाबरते. जेवताना पाणी देत नाही, नंतरही अर्धा तास थांबतो. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं जायला हवीत, नुसत्या पावडरवर किती काढणार?

आम्ही कोल्हापूरचे, पण तिखट अजून बंदच आहे. अळणी रश्श्यात शिजवलेला खिमा आधी द्यावा का? छातीच्या मांसापेक्षा तंगडीचं मांस सोपं जातं का? मटणाला तुम्ही किती थांबलात? आहारतज्ज्ञांना विचारणारच आहे, पण घरात रोज रांधणाऱ्यांचा अनुभव कृपया सांगा.