'स्टिरॉइड'ला 'उत्तेजक' म्हणावं का?

चष्मिस: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. आधीच्या मसुद्यात कॉर्टिकोस्टिरॉइडला 'उत्तेजक औषध' म्हटलंय. चालेल?

कडुनिंब: अजिबात नको. 'उत्तेजक' हा क्रीडापानावरचा शब्द, खेळाडू चाचणीत सापडला की छापतात तो. ती स्नायू वाढवणारी अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडं, टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली. कॉर्टिकोस्टिरॉइडं म्हणजे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरात तयार होणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची भावंडं. ती सूज आणि प्रतिकारशक्तीचा अतिरेक दाबतात. जास्त दिवस घेतली तर स्नायू उलट झिजतात, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. आधीच पंपात 'स्टिरॉइड' आहे म्हटलं की दमेकरी पोरांचे आईबाप धास्तावतात, त्यात हे 'उत्तेजक' कशाला? पंपातला डोस मायक्रोग्रॅमचा असतो. ओढून झाल्यावर चूळ भरा, एवढं मात्र पत्रकात हवंच, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

पारिजात: 'शोथरोधक', म्हणजे सूज उतरवणारं, कसं वाटतं?

कडुनिंब: आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामकही शोथरोधकच. फरक कळणार कसा? 'स्टिरॉइड'च ठेवा, दुकानदारापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळतं.

गवतीचहा: माझा आक्षेप 'मलम' या शब्दावर. गोळी म्हटली की लोक बिचकतात, मलम म्हटलं की बिनधास्त चोपडतात. नायट्यावर क्लोबेटासॉल या कडक स्टिरॉइडचं मिश्र मलम लावलं की खाज लगेच थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि चट्ट्याची कडही पुसट होते. मग डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. गोरं व्हायला चेहऱ्यावर तीच मलमं लावणारे तर विचारूच नका! 2018मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मिळतातच. म्हणून दर वेळी 'स्टिरॉइडचं मलम' असं पूर्ण लिहा.

चष्मिस: आणि 'टेपर'? मी 'हळूहळू बंद करा' लिहिलंय.

कडुनिंब: हळूहळू म्हणजे किती? रुग्ण आपल्या मनाने एक दिवसाआड घेईल. 'उतरता डोस' लिहा आणि कुठल्या आठवड्यात किती मिलिग्रॅम हे डॉक्टरांना भरायला खाली रिकामा तक्ता द्या. काही आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम थांबवते. गोळ्या एकदम सोडल्या तर गळून जायला होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जिवावरही बेतू शकतं. हे वाक्य ठळक छापा.

पारिजात: अनेकवचन 'स्टिरॉइडं' की 'स्टिरॉइडे'?

कडुनिंब: छापील पत्रकात 'स्टिरॉइडे'.