शॉर्ट केलेल्या शेअरला अप्पर सर्किट, पोझिशन कटलीच नाही. तातडीने मदत हवी

चिंतातुर_ठाणेकर: काल धाकट्या भावाने एक स्मॉलकॅप (छोट्या कंपनीचा शेअर) इंट्राडेत शॉर्ट केला, म्हणजे हातात नसताना विकला, त्याच दिवशी परत घ्यायच्या बोलीवर. दुपारी अप्पर सर्किट (दिवसभरातल्या भाववाढीची कमाल मर्यादा) लागलं, ते शेवटपर्यंत सुटलंच नाही. ब्रोकरचं ऑटो स्क्वेअर-ऑफही (सौदा आपोआप मिटवणं) झालं नाही. भाऊ म्हणतो, आज बाजार उघडताच घेऊन टाकतो. घ्यावा का? ९:१५ च्या आत सांगा. कस्टमर केअर फोन उचलत नाही.

बोरीबंदर: कॅश (थेट शेअरचा सौदा) की फ्युचर (पुढच्या तारखेचा करार)? नग किती, भाव काय?

चिंतातुर_ठाणेकर: सर्किट म्हटलं म्हणजे कॅशच ना! ४०० शेअर, १९८ ला विकले. २० टक्क्यांचं सर्किट, २२८ ला बंद.

जुना_सौदागर: आधी भावाला थांबवा. विकलेल्याची डिलिव्हरी आज द्यायची आहे, आणि आज घेतलेले शेअर उद्या येणार. मागचं फिटणार नाहीच, वर नवी खरेदी गळ्यात पडेल. आता एक्स्चेंज ऑक्शनमध्ये (लिलावात) तुमच्या वतीने शेअर घेईल. तिथे जो भाव लागेल तो फरक, शिवाय दंड, खात्यात नावे पडेल. घरात कुणाच्या डिमॅटला हाच शेअर असेल तर पे-इनच्या (शेअर जमा करायच्या वेळेच्या) आधी ऑफ-मार्केट (बाजाराबाहेर, खात्यातून खात्यात) वळवता येतो, पण वेळ फार थोडा आहे.

शिस्तीचा_ट्रेडर: स्टॉपलॉस (ठरावीक भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर) लावला असता तर ही वेळच आली नसती. मी त्याशिवाय एकही सौदा करत नाही.

जुना_सौदागर: सर्किटला विकणाराच नसतो. भाव झपकन वर गेला तर स्टॉपलॉस ट्रिगर होऊन नुसता रांगेत उभा राहतो. शॉर्ट करायचाच तर एफ अँड ओतला (फ्युचर-ऑप्शन असलेला) शेअर घ्यावा, त्याला असं ठरावीक सर्किट नसतं.

पुटवाला: त्यापेक्षा पुट (ठरल्या भावाला विकायचा हक्क) घ्या. तोटा प्रीमियमपुरता, म्हणजे त्या हक्काच्या किमतीपुरता.

बोरीबंदर: स्मॉलकॅपचा पुट आणणार कुठून? आणि सेबीचे (बाजार नियामक) २०२४ चे अहवाल वाचा. एफ अँड ओतले ९३ टक्के किरकोळ ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात. कॅश इंट्राडेतही २०२२-२३ मध्ये दहापैकी सात.

पुटवाला: उरलेले सात टक्के अभ्यास करतात.

करसल्लागार_अकोला: इंट्राडेचा तोटा सट्ट्यात धरतात. तो सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो, ४ वर्षं पुढे नेता येतो. विवरणपत्र मात्र मुदतीत भरा.

चिंतातुर_ठाणेकर: कर कुणी विचारलाय? खात्यात ६,००० आहेत, कमी पडले तर काय? खातं आईचं आहे, तिची पेन्शन त्याच बँकेत येते.

माई_सातारा: अहो, हे आधी सांगायचं! आईंना माहीत आहे का? सौदा कुणीही करो, देणं त्यांच्याच नावावर निघणार. ओटीपी कोण देतं?

जुना_सौदागर: लेजर (ब्रोकरकडचा खात्याचा हिशेब) उणे झालं की व्याज लागतं, आणि न भरल्यास ब्रोकर त्यांचे होल्डिंगमधले शेअर विकू शकतो. ऑक्शन बराच वर गेला तर ३० हजारांपर्यंत जाईल. तेवढे आजच भरून ठेवा.

चिंतातुर_ठाणेकर: आईला माहीत नाही. तो शेअर घरात कुणाकडेच नाही. भावाकडून लॉगिन काढून घेतलंय, पैसे मी भरतो. ऑक्शनचा भाव कुठे दिसेल?

जुना_सौदागर: संध्याकाळनंतर लेजर बघा. आणि ऑक्शनच्या नोंदीची प्रत ब्रोकरकडून ईमेलने मागवा, दंडाचा हिशेब त्यातच कळेल.